जाळ्यातली फुली आणि तिचा मालक: नाशिकच्या बांधावरचा आर्जिओपी कोळी कसा ओळखावा

भाद्रपद-आश्विनात नाशिकच्या आसपास कुठल्याही बांधावर जा. घायपाताच्या दोन पात्यांमध्ये, नाहीतर निवडुंगाच्या बेचक्यात एक गोल जाळं उभं दिसेल आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी दोऱ्याची फुली. त्या फुलीवर पाय जुळवून, डोकं खाली करून पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा एक कोळी बसलेला असतो. हा आर्जिओपी. आपल्याकडे निसर्गप्रेमी त्याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात, कारण ती फुली त्यानं जाळ्यावर केलेल्या सहीसारखी वाटते.

आर्जिओपी ही एक प्रजाती आहे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक जातींचा गट. १८२६ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं आणि आज जगभरात तिच्या ऐंशीहून अधिक जाती माहीत आहेत. गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या ॲरॅनिडी या मोठ्या कुलात ती येते. याच कुलातले आणि शेजारच्या कुलांतले इतरही बरेच कोळी तुम्हाला त्याच बांधावर भेटतील, आणि घोटाळा तिथेच होतो.

कोळी कोणता होता असं विचारलं की बहुतेक जण आधी रंग सांगतात. पिवळा होता, काळा होता, पट्टे होते. कोळ्यांच्या बाबतीत रंग ही सगळ्यात कच्ची खूण. वय, खाणं, कात टाकायला किती दिवस उरलेत, ऊन कुठल्या बाजूनं येतंय, या सगळ्यानं तो बदलतो. अवयवांची ठेवण मात्र बदलत नाही. म्हणून इथे जो क्रम सांगतोय तो लांबून जवळ येण्याचा आहे: आधी जाळं, मग बसण्याची ढब, मग डोळे, मग पोट, मग पाय. रंग अगदी शेवटी. हा क्रम पाळलात तर प्रजातीपर्यंत तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी, कोळ्याला हातही न लावता पोचाल.

कधी आणि कुठे बघायचं

मृगाचा पाऊस पडून गेला की पिल्लं दिसू लागतात, पण ती इतकी बारीक असतात की नवख्याच्या नजरेतून सुटतात. श्रावणात ती अर्धी वाढतात. नवरात्राच्या सुमारास माद्या पूर्ण वाढलेल्या असतात आणि बघण्याचा खरा हंगाम तोच. दिवाळीनंतर अंडी घातलेल्या रेशमी पिशव्या जाळ्याच्या जवळपास सापडतात.

जागा म्हणाल तर लांब जायची गरज नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान, गंगापूर धरणाकडच्या रस्त्याकडेची झुडपं, मखमलाबादकडच्या मळ्यांचे बांध, अंजनेरीच्या पायवाटेवरची घाणेरी. कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत, दोन आधारांमध्ये मोकळी फट असेल तिथे नजर फिरवा. घराच्या कुंडीत कोरफड असेल तर तीही बघा.

सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ उत्तम. ऊन तिरपं असतं, दव पूर्ण वाळलेलं नसतं आणि धागे चमकतात. उन्हाच्या दिशेला तोंड करून उभे राहा. जाळं तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आलं की अदृश्य धागेही उजळतात. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइल आणि त्याला लावायची छोटी मॅक्रो लेन्स, एक पट्टी आणि वही एवढं पुरे. पाण्याची फवारणीची बाटली घेतलीत तर अगदी बारीक तुषार, तेही जाळ्याच्या कडेला. कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नका.

भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा की हा कोळी माणसाला घातक नाही. मुठीत धरून दाबला तर चावेल, थोडा वेळ आग होईल. एरवी तो तुमच्यापासून पळतो.

पहिली पायरी: जाळं वाचा

कोळ्याकडे बघायच्या आधी जाळ्याकडे बघा. आर्जिओपीचं जाळं उभं असतं, फार तर किंचित कललेलं. बाहेरची चौकट, केंद्राकडून चौकटीकडे जाणारे आरे आणि आऱ्यांवर गोल गोल फिरलेला चिकट धागा. आरे चिकट नसतात, चिकटपणा फक्त त्या गोल धाग्यावर असतो. भिंगातून पाहिलंत तर त्यावर डिंकाचे बारीक थेंब ओळीनं दिसतात.

आता केंद्र बघा. आर्जिओपी केंद्रात दाट जाळी विणतो आणि ती बंद ठेवतो. टेट्राग्नॅथा नावाचे लांबट, काटकुळे कोळी नदीकाठच्या गवतात गोल जाळं करतात, पण त्यांच्या जाळ्याच्या केंद्रात भोक असतं आणि जाळं बऱ्याचदा आडवं किंवा तिरकं असतं. सोमेश्वरच्या बाजूला पाण्याजवळ हे दोन्ही एकाच फेरीत बघायला मिळतात, तेव्हा तुलना करून घ्या.

आणि मग ती फुली. जवळून पाहिलीत तर ती एका सरळ रेघेची नसते. दोन शेजारच्या आऱ्यांमध्ये कोळ्यानं रेशमाचा पट्टा इकडून तिकडे, तिकडून इकडे असा नागमोडी भरलेला असतो. हे रेशीम साध्या धाग्यासारखं एकेरी नसतं. शेकडो अतिबारीक तंतूंचा तो पसरट पट्टा असतो, म्हणून तो पांढराशुभ्र दिसतो. शिकार गुंडाळायला कोळी जे रेशीम वापरतो, तेच हे.

इथे एक सावधगिरी. चारही हात भरलेली फुली दिसलीच पाहिजे असं नाही. कधी दोनच हात असतात, कधी एक, कधी काहीच नाही. लहान पिल्लं तर फुलीऐवजी केंद्राभोवती गोल चकती विणतात, आणि ती बघून लोक हा वेगळाच कोळी समजतात. उलट बाजूनं, जाळ्यात पांढरी सजावट दिसली म्हणजे आर्जिओपीच असंही नाही. सायक्लोसा हा छोटा कोळी जाळ्यात उभी रेघ करतो, पण ती रेघ खाऊन टाकलेल्या किड्यांच्या सांगाड्यांची आणि कचऱ्याची असते आणि तो स्वतः त्या रेघेतच लपतो. उलोबोरसही जाळ्यात पांढरी सजावट करतो, पण त्याचं जाळं आडवं असतं. या उलोबोरसच्या कुलाला विषग्रंथीच नाहीत, ते भक्ष्याला फक्त गुंडाळून मारतात.

ही फुली कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही आणि मला तो वाद फार आवडतो, कारण दोन्ही बाजूंकडे चांगले प्रयोग आहेत. १९८३ साली थॉमस आयस्नर आणि स्टीफन नोविकी यांनी साध्या जाळ्यांवर कृत्रिम फुल्या लावून पाहिल्या. फुली असलेली जाळी सकाळी जास्त वेळ शाबूत राहिली. उडते पक्षी पांढरी खूण बघून जाळं चुकवतात, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. १९९० साली कॅथरीन क्रेग आणि गॅरी बर्नार्ड यांनी दाखवलं की ही सजावट अतिनील प्रकाश परावर्तित करते. माणसाला न दिसणारा हा प्रकाश कीटकांना दिसतो, त्यामुळे ते तिच्याकडे ओढले जातात असं त्यांचं म्हणणं. कोळ्याचा आकार लपवायला फुली उपयोगी पडते, असंही काही जण मानतात. तुमच्या बांधावरच्या एखाद्या जाळ्यात रोज किती हात भरलेत आणि किती भक्ष्य अडकलंय याची नोंद ठेवलीत तर हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते स्वतःलाच कळेल.

दुसरी पायरी: बसण्याची ढब

आर्जिओपी दिवसाढवळ्या जाळ्याच्या केंद्रात बसतो. डोकं खाली, पोट वर. आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांत जुळवलेले, त्यामुळे लांबून चारच पाय असल्यासारखं वाटतं आणि त्यांचीही फुली होते. हे एकच लक्षण त्याला निओस्कोनापासून वेगळं काढायला पुरेसं पडतं. निओस्कोना हा आपल्या बागांत सर्रास आढळणारा करडा-तपकिरी कोळी. तो बहुधा संध्याकाळी जाळं विणतो, रात्री केंद्रात बसतो आणि दिवसा जवळच्या पानात दडतो.

आता हळूच पुढे व्हा. सावली त्याच्यावर पडू देऊ नका. तरी त्याला चाहूल लागलीच तर तो तीनपैकी एक गोष्ट करेल. पाय ताणून-आखडून जाळं जोरात हलवायला लागेल, इतकं की त्याची आकृती पुसट होते. किंवा केंद्रातल्या दाट जाळीशेजारच्या मोकळ्या फटीतून पटकन जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाईल. किंवा एक धागा सोडत खाली गवतात पडेल. पडला तर शोधायला गवत तुडवू नका. तो त्याच धाग्यावरून परत चढतो, थोडं लांब उभं राहून वाट बघितली की झालं.

जाळं किंचित कललेलं असल्यानं कोळी त्याच्या खालच्या अंगाला लोंबकळतो. याचा तुम्हाला मोठा फायदा आहे. एका बाजूनं पाठ दिसते, वळसा घालून पलीकडे गेलात की जाळ्यातून पोटाची खालची बाजू दिसते. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पाठीचा एकच फोटो घेऊन परतणारे लोक अर्धी ओळख बांधावरच सोडून येतात.

तिसरी पायरी: शिरोवक्ष आणि डोळे

कोळ्याच्या शरीराचे दोन भाग: पुढचा शिरोवक्ष आणि मागचं पोट. मध्ये बारीक देठ. डोळे, जबडे, पाय हे सगळं शिरोवक्षाला जोडलेलं.

आर्जिओपीचा शिरोवक्ष चपटा असतो आणि त्यावर चंदेरी-पांढऱ्या केसांची दाट लव असते. ऊन पडलं की ती चमकते. निओस्कोनाच्या मादीच्या शिरोवक्षावर मध्यभागी एक उभी खाच असते आणि अंग एकूण राठ केसाळ दिसतं. चंदेरी लव असलेला चपटा शिरोवक्ष दिसला की मी जवळजवळ खात्री धरतो, पण शिक्का मारायचा तो डोळ्यांवर.

डोळे आठ, चार-चारच्या दोन रांगांत. मॅक्रो लेन्स लावून कोळ्याच्या तोंडाकडून, म्हणजे जाळ्याच्या खालच्या बाजूनं वर बघत फोटो घ्या. मधले चार डोळे एका चौकोनात बसलेले दिसतील. कडेचे दोन-दोन डोळे एकमेकांना खेटून, प्रत्येक बाजूला एका छोट्या उंचवट्यावर. ही ठेवण बऱ्याच गोल जाळेवाल्यांत असते.

आर्जिओपीची खरी खूण मागच्या रांगेत आहे. वरून पाहताना मागच्या रांगेतल्या चार डोळ्यांतून मनानं एक रेघ काढा. ॲरॅनिडी कुलातल्या बहुतेकांत ही रेघ जवळजवळ सरळ जाते किंवा तिची टोकं मागे, पोटाकडे झुकतात. आर्जिओपीत तिची टोकं ठळकपणे पुढे, तोंडाकडे वळतात. कडेचे डोळे मधल्या दोन डोळ्यांच्या बरेच पुढे असतात. समोरून पाहिलं तर तेच कडेचे डोळे मधल्यांच्या खूप खाली दिसतात. ही खूण पिल्लात असते, मादीत असते, नरातही असते. पट्टे फिके असोत की गडद, ही रेघ तशीच राहते.

इतके डोळे असूनही याची नजर बेताचीच. त्याचं जग कंपनांचं आहे. पायांच्या सांध्यांजवळ अतिशय बारीक चिरांचे संवेदनशील अवयव असतात, धाग्याचा थरथराट ते टिपतात. पायांवरचे काही लांब, उभे, नाजूक केस हवेची हालचाल ओळखतात. म्हणून फोटो काढताना बोललात तर चालेल, पण जाळ्यावर फुंकर मारू नका.

डोळ्यांच्या खाली दोन जबडे आणि त्यांच्या टोकाला विषदंत. गोल जाळेवाल्यांत हे विषदंत आडवे, समोरासमोर येऊन मिटतात. टॅरँट्युलाच्या वर्गातल्या मोठ्या कोळ्यांत ते वरून खाली, एकमेकांना समांतर येतात. जबड्यांच्या बाजूला पायांसारखे दिसणारे दोन छोटे अवयव म्हणजे पाल्प. ते पाय नव्हेत, त्यांचा उपयोग पुढे नराच्या बाबतीत सांगतो.

चौथी पायरी: पोट, वरून आणि खालून

वरून बघताना पट्टे मोजत बसू नका, आधी बाह्यरेषा बघा. आपल्याकडच्या काही आर्जिओपींचं पोट पंचकोनी असतं: पुढची कड जवळजवळ सरळ, दोन खांद्यांसारखे कोपरे, मग बाहेर फुगवटा आणि मागे निमुळतं. काहींचं लांबट-अंडाकृती असतं. आडवे पट्टे जवळजवळ सगळ्यांत कमी-जास्त असतात.

खालची बाजू जास्त बोलकी आहे. गडद रंगावर दोन फिकट, पिवळसर-पांढऱ्या उभ्या रेघा, एकमेकींना साधारण समांतर. या प्रजातीत ही जोडी इतकी ठरलेली आहे की पाठीचा फोटो खराब आला तरी नुसत्या पोटाच्या फोटोवरून पुष्कळदा काम भागतं.

त्याच फोटोत पुढच्या बाजूला, देठाजवळ, दोन फिकट डाग शोधा. ती पुस्तक-फुप्फुसं, पानांसारख्या पातळ थरांची रचना असलेली श्वसनेंद्रियं. त्यांच्यामध्ये एक आडवी खाच असते आणि पूर्ण वाढलेल्या मादीत त्या खाचेवर कडक, गडद रंगाचा उंचवटा दिसतो. ते मादीचं जननांग. कोळी अर्धवट वाढलेला असेल तर हा उंचवटा नसतो. एकाच प्रजातीतल्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करायच्या असतील तर तज्ज्ञ शेवटी याच अवयवाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

पोटाच्या मागच्या टोकाला धागा काढणाऱ्या अवयवांच्या तीन जोड्या असतात. बाहेरून ते सहा छोटे उंचवटे, पण त्यांच्यामागे पोटात सात प्रकारच्या रेशीमग्रंथी आहेत. चौकट, आरे आणि लोंबकळण्याचा दोर एका ग्रंथीतून येतो. विणकाम चालू असतानाचा तात्पुरता गोल धागा दुसरीतून. चिकट गोल धाग्याचा लवचीक गाभा तिसरीतून, त्यावरचा डिंक चौथीतून. धागा फांदीला चिकटवणारं सिमेंट पाचवीतून. शिकार गुंडाळण्याचं आणि फुली भरण्याचं रेशीम सहावीतून, आणि अंड्यांच्या पिशवीचं मजबूत आवरण सातवीतून. ही सातवी फक्त मादीत पूर्ण विकसित असते. जुनं जाळं तो खाऊन टाकतो आणि त्यातली प्रथिनं पुन्हा नव्या रेशमात वापरतो.

हे सगळं चालू असलेलं बघायचं असेल तर एखादा नाकतोडा जाळ्यात पडेपर्यंत थांबा. कोळी क्षणभर आऱ्यांना झटके देऊन भक्ष्य कुठल्या दिशेला आहे ते ताडतो, धावत जातो आणि तोंड पुढे न करता पाठ फिरवतो. मग मागच्या पायांनी स्वतःच्या पोटातून रेशमाचा रुंद पट्टा ओढून तो नाकतोड्यावर फेकतो. एक, दोन, तीन हात. नाकतोड्याच्या लाथा मंदावतात, पाय अंगाला बांधले जातात, आणि पूर्ण गुंडाळून झाल्यावरच चावा. फुलपाखरू किंवा पतंग असेल तर मात्र क्रम उलटतो, आधी चावा आणि मग गुंडाळणी. पतंगाच्या पंखांवरचे खवले सुटून येतात आणि तो जाळ्यातून निसटू शकतो, तेवढा वेळ द्यायला हा कोळी तयार नसतो. १९६०च्या दशकात मायकेल रॉबिन्सन यांनी अमेरिका खंडातल्या एका आर्जिओपी जातीत हा फरक काटेकोरपणे नोंदवला. आपल्या बांधावर फुलपाखरू जाळ्यात पडलेलं दिसलं तर हा क्रम जरूर तपासा.

पाचवी पायरी: पाय आणि कात

पायांचे सात भाग असतात, पण बांधावर उभं राहून ते सगळे ओळखायची गरज नाही. दोन गोष्टी पुरेत. तिसरी जोडी बाकीच्यांपेक्षा बरीच आखूड असते, हे गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांचं सर्वसाधारण लक्षण. आणि पायाच्या टोकाला तीन नख्या असतात: दोन मोठ्या, दातेरी, आणि मध्ये एक छोटी आकड्यासारखी. ही मधली नखी धागा शेजारच्या करवती केसांवर दाबून धरते; जाळ्यावर चालायची सगळी करामत तिथे आहे. जमिनीवर आणि भिंतीवर भटकणाऱ्या अनेक कोळ्यांना ही मधली नखी नसते.

नख्या जिवंत कोळ्यावर बघता येत नाहीत, मग त्यासाठी त्याला मारून बाटलीत भरायचं का? अजिबात नाही. कात शोधा. कोळी वाढताना जाळ्यातच लोंबकळून कात टाकतो आणि ती पुष्कळदा जाळ्यात अडकलेली किंवा खाली पानावर पडलेली असते. लोक तिला मेलेला कोळी समजतात. कात ओळखायची खूण सोपी: शिरोवक्षाचं वरचं कवच झाकणासारखं उघडलेलं असतं, आठही पाय पोकळ असतात आणि पोटाची कातडी आक्रसून छोटी गुंडाळी झालेली असते.

या कातीत शिकायचं सगळं सामान असतं. उघडलेल्या झाकणावर डोळ्यांच्या भिंगांची जागा स्पष्ट दिसते, मागच्या रांगेची ती पुढे वळलेली रेघ इथे निवांत तपासता येते. जबडे आणि विषदंतही कातीबरोबर येतात. नख्याही. कात अगदी ठिसूळ असते, म्हणून ओल्या ब्रशनं उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून-बाजूनं उजेड टाकून भिंगातून बघा. शाळकरी मुलांना कोळ्याची शरीररचना शिकवायला याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही. काही चिरावं लागत नाही आणि कोळी तिकडे जाळ्यात सुखरूप असतो.

सात किंवा सहाच पाय असलेला कोळी दिसला तर गोंधळू नका. आर्जिओपी गरज पडली तर स्वतःचा पाय सोडून देतो. आयस्नर आणि स्कॉट कॅमझीन यांनी १९८३ मध्येच दाखवलं की विषारी भक्ष्यानं पायाला दंश केला तर तो पाय कोळी काही क्षणांत तोडून टाकतो, आणि विष अंगात पसरत नाही. ओळखीसाठी पाय मोजायची वेळ आली तर तुटलेल्या पायाचा बुंधा शिरोवक्षाजवळ शोधा.

नर कुठे असतो

तुम्ही बघताय ती बहुधा मादी. नर तिच्या निम्म्याहूनही लहान, सडपातळ, फिकट आणि बिनपट्ट्यांचा. मादीच्या जाळ्याच्या कडेला, वरच्या कोपऱ्यात शोधलात तर सापडेल. त्याच्या पाल्पची टोकं फुगलेली असतात, ती नराची पक्की खूण. नर एका छोट्याशा जाळीवर वीर्य टाकतो, ते पाल्पमध्ये शोषून घेतो आणि मग मादीकडे जातो. आर्जिओपीच्या अनेक जातींत मिलनाच्या वेळी मादी नराला खाते. अमेरिकेतल्या आर्जिओपी ऑरँशिया या जातीत तर दुसरा पाल्प आत जाताच नराचं हृदय आपोआप थांबतं, मादीनं काही केलं नाही तरी. त्याचं शरीर तिथेच अडकून राहतं आणि दुसऱ्या नराची वाट अडते.

जातीपर्यंत जायचं असेल तर

आता रंगांना हरकत नाही. पंचकोनी पोटाची आर्जिओपी अनसुजा आणि आर्जिओपी पल्केला या दोन जाती भारतात दूरवर पसरलेल्या आहेत. अनसुजाची मादी साधारण एक सेंटिमीटरची. दोघींवरही आडवे पट्टे असतात आणि फोटोंवरून त्यांची अदलाबदल नेहमी होते, जाणकारांकडूनही. म्हणून पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखालचा तो कडक उंचवटा नीट दिसत नसेल तर वहीत फक्त आर्जिओपी एवढंच लिहा. अपुरं पण बरोबर नाव चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी मोलाचं. पोट अंडाकृती आणि त्यावर खूप बारीक, जवळजवळ आडव्या रेघा दिसत असतील तर आर्जिओपी एम्युला शक्यतेत धरा. ती गवताळ जागेत भेटते.

इतर सारख्या दिसणाऱ्यांची छाननी पटकन होते. पोटावर टणक काटे असतील तर तो गॅस्टरकँथा. जाळं आडव्या तंबूसारखं आणि चिकट नसेल तर सिर्टोफोरा. इगतपुरी-त्र्यंबककडच्या झाडीत हाताच्या पंजाएवढा पायांचा विस्तार आणि सोनेरी झाक असलेलं प्रचंड जाळं दिसलं तर तो नेफिला. त्याच्या जाळ्याचं केंद्र मध्यभागी नसतं, बरंच वर असतं.

महाराष्ट्रात बसून कोळ्यांचा अभ्यास कसा होतो याचं मोठं उदाहरण म्हणजे बी. के. टिकादर. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात काम करताना त्यांनी भारतातल्या कितीतरी जातींचं वर्णन केलं. त्यांच्या वर्णनांत डोळ्यांची मांडणी, पायांची मापं, जननांगाचा आकार सगळं बारकाईनं येतं.

द्राक्षबागेत बघताना

निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदारांसाठी एक वेगळी विनंती. बागेच्या कडेच्या कुंपणावर, घायपातावर ही जाळी हमखास असतात आणि माश्या, तुडतुडे, पतंग त्यात अडकतात. ऑक्टोबर छाटणीच्या आसपास फवारण्यांचा जोर असतो, तेव्हाच माद्या अंड्यावर आलेल्या असतात. कीटकनाशक फवारा कुंपणावरच्या झुडपांपर्यंत गेला तर कोळी मरतात, आणि जे जगतात त्यांचं भक्ष्य संपतं. पंपाचं तोंड कुंपणाकडे वळवू नका, बांधावरचं घायपात निष्कारण तोडू नका. मुलांना कोळी दाखवायचे असतील तर फवारणी झालेल्या बागेत त्याच दिवशी नेऊ नका.

नोंद कशी करायची

प्रत्येक कोळ्याचे पाच फोटो: पूर्ण जाळं, पाठ, पोटाची खालची बाजू, समोरून चेहरा, आणि जाळ्याशेजारी पट्टी धरून आकार. पट्टी जाळ्याला टेकवू नका. वहीत तारीख, वेळ, जागा, कुठल्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर, फुलीचे किती हात भरलेले आणि कोळी कुठल्या दिशेला पाठ करून बसलाय एवढं लिहा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर हे फोटो टाकलेत तर जाणकार ओळख तपासून देतात. पोटाखालचा फोटो जोडलात तर उत्तर लवकर आणि खात्रीचं मिळतं. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथून कातही उचलू नका, तिचे फोटो जागेवरच घ्या आणि कातीचा अभ्यास घरच्या कोरफडीवर मिळालेल्या नमुन्यावर करा.